योग्य वाटेल त्या वेळी

मित्रांनो, मी चार पानांचा एक जुना करारनामा आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यातली टाचणी गंजली आहे आणि तिचा तांबूस डाग शेवटच्या पानापर्यंत उतरला आहे. त्या पानावर दोन सह्या आहेत. एक झोकदार, रोजच्या सरावाची. दुसरी जपून, सावकाश काढलेली. ती दुसरी सही जिची आहे, तिच्याच घरात, एका निळ्या फाईलमध्ये, मी गेली आठ वर्षं राहतो आहे. करारनामा कोणी आवडीने वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यामुळे एका माणसाचं बोलणं जिथे पोचायला हवं होतं तिथे वेळेवर पोचलं नाही. ते कसं घडलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा कागद आठ वर्षांपूर्वीचा असला तरी माझे शब्द त्याहून बरेच जुने आहेत. एका प्रकाशन संस्थेच्या कचेरीत ते पहिल्यांदा लिहिले गेले. खोली लहान होती, आणि पुस्तकांचे गठ्ठे खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आले होते. तिथे एक तरुण कारकून होता. त्याचं अक्षर चांगलं आणि भाषा त्याहून चांगली. मालक त्याला म्हणाले, "लेखक सारखे विचारतात, पुस्तक कधी येणार. असं काहीतरी लिही की विचारायची सोयच राहू नये."

कारकुनाने दुपारभर डोकं खाजवलं आणि माझं चौथं कलम लिहिलं. 'सदर पुस्तक प्रकाशकाला योग्य वाटेल त्या वेळी प्रकाशित करण्यात येईल.' मालकांनी ते दोनदा वाचलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाक्य असावं तर असं," ते म्हणाले. कारकुनाचा चेहरा खुलला. मलाही त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. माझ्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

पुढे मी संगणकात गेलो. कारकून ती नोकरी सोडून निघून गेला, पण मी तिथेच राहिलो. लेखक बदलले की फक्त नाव बदलायचं आणि मला पुन्हा छापायचं. अशा माझ्या किती प्रती निघाल्या, ते मला सांगता येणार नाही. मी जी प्रत आहे, ती एका कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या वाट्याला आली.

ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या घडवायची आणि एकेक दात चिमट्याने बसवायची. तिथले सगळे तिला कवळीताई म्हणत. तिच्या नखांत पांढरी भुकटी कायम असे. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिचे बाबा.

बाबा अग्निशमन दलात पाणबुडे होते. नदीत कोणी बुडालं की त्यांना बोलावणं यायचं. जिवंत माणूस काढायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. कमरेला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक नावेतल्या जोडीदाराकडे द्यायचं आणि खाली उतरायचं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. हातांनी चाचपत जायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं आणि घरी त्याबद्दल अक्षर काढलं नाही. निवृत्तीनंतर त्यांची फुप्फुसं बिघडली, जिना चढणं बंद झालं, तेव्हा कुठे ते बोलू लागले. संध्याकाळी ताई कामावरून आली की ते खुर्चीत बसून सांगत आणि ती लिहून घेई. चार वर्षांत दोनशे दहा पानांचं बाड झालं.

त्या बाडातलं शेवटचं प्रकरण सगळ्यांत अवघड होतं. नर्सिंग शिकणारी एक मुलगी पुलावरून पाण्यात पडली होती. तिची आई शिवणकाम करायची. घरात त्या दोघीच. सहा दिवस शोध घ्यायचा, असा दलाचा नियम होता. पाचव्या दिवशी तळाशी पडलेल्या जुन्या पुलाच्या सळयांत बाबांची दोरी अडकली. ती सुटेपर्यंत चार मिनिटं गेली आणि पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आली. सहाव्या दिवशी त्यांनी नाव वळणापलीकडे नेली, पोशाख पाण्यात बुडवून ओला केला आणि दिवसभर नावेतच बसून राहिले. जोडीदाराने दोरी गुंडाळून ठेवली. संध्याकाळी काठावर येऊन बाबांनी त्या आईला सांगितलं, "सहाही दिवस शोधलं. नाही सापडली."

त्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यानंतर दर हिवाळ्यात त्या आपल्या हाताने शिवलेलं एक अस्तराचं जाकीट बाबांसाठी पाठवू लागल्या. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला थंडी बाधू नये म्हणून. अशी सतरा जाकिटं आली. बाबांनी एकही अंगात घातलं नाही.

"हे छापून आलं की तू ते पुस्तक त्यांच्याकडे घेऊन जा," बाबा ताईला म्हणाले होते. "तोंडाने सांगायला मी तीनदा निघालो. तिन्ही वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. छापलेलं असलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही."

आता तुम्हाला वाटेल, ताई भोळी होती, म्हणून फसली. तसं नाही. माझ्याविषयी तिला माझ्याइतकीच माहिती होती. साच्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात ती डबा खाता खाता फोनवर प्रकाशन व्यवसायाविषयीचे ब्लॉग वाचायची. दोन वर्षं तिने हे केलं आणि एका वहीत टिपणं काढली. ती वही पुढे माझ्याच फाईलमध्ये आली, म्हणून मला ती पाठ आहे.

तिचा सगळ्यांत आवडता ब्लॉग एका निवृत्त मुद्रितशोधकाचा होता. तो स्वतःचं नाव देत नसे, 'एक जुना माणूस' एवढंच लिही. 'पहिल्या भेटीत सही करू नये.' 'तारीख नसलेलं वचन हे वचन नव्हे.' 'हक्क परत कधी मिळणार, ते आधी लिहून घ्यावं.' 'संस्था विकली गेली तर आपल्या पुस्तकाचं काय, हे विचारायला लाजू नये.' ही सगळी वाक्यं वहीत लाल शाईने आहेत. दुसऱ्या एका ब्लॉगवर कोणी नावाजलेले लेखक उलटंच सांगत. नवख्याने फार प्रश्न विचारू नयेत, प्रकाशक दुखावतो. तिसरा ब्लॉग म्हणायचा, वकिलाला दाखवल्याशिवाय करारनाम्याचं पान उलटू नका. त्यापुढे ताईने समासात लिहिलं आहे, 'दोन वकिलांना विचारलं. म्हणाले, घर-जमिनीचं असेल तर आणा, पुस्तकातलं आम्हाला कळत नाही.'

आणि एका पानाच्या तळाशी एकच ओळ आहे. 'सगळेच म्हणतात, घाई करू नका, थांबा. थांबायला फुप्फुसं लागतात.'

तिने नऊ ठिकाणी बाड पाठवलं होतं. सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. दोघांनी नाही म्हटलं. नवव्याने बोलावलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाबांचं वर्ष निघालं तर नशीब समजा.

त्या सकाळी मी छपाई यंत्रातून बाहेर आलो. अजून गरम होतो. माझा जुळा भाऊ माझ्याखाली होता. आम्हा दोघांना एकेक टाचणी लागली आणि प्रकाशकांच्या टेबलावर ठेवलं गेलं. ताई समोर बसली. तिने वही काढली नाही, पण मांडीवरच्या पिशवीत ती उघडीच होती.

"कलम चारमध्ये तारीख घालता येईल का?" तिने विचारलं.

"मॅडम, तारखा घालून पुस्तकं होत असती तर काय हवं होतं," प्रकाशक हसून म्हणाले. "हा आमचा नेहमीचा मसुदा आहे. मोठमोठ्यांनी यावर सह्या केल्यात."

"पण साधारण कधी?"

"वर्षाच्या आत. माझ्या तोंडचा शब्द धरा."

"मग तेवढंच लिहूया ना, वर्षाच्या आत."

प्रकाशकांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. ते वाईट बोलणारे गृहस्थ नव्हतेच. "तुम्हाला विचार करायचा असेल तर करा. महिनाभर घ्या. फक्त पुढच्या वर्षाची यादी मी या आठवड्यात बंद करतोय. मग त्याच्या पुढच्या वर्षी बघू."

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं तुमच्याकडेही म्हणतात ना? ज्ञान होतं तर वेळ नव्हता. ताईने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सगळं तिला समजलं. कलम सातही वाचलं, ज्यात लिहिलं आहे की प्रकाशनापूर्वी लेखकाने हस्तलिखित किंवा त्याचा कोणताही भाग कोणालाही देऊ अथवा वाचून दाखवू नये. तसं केल्यास पुस्तक रद्द होईल आणि हक्क मात्र प्रकाशकाकडेच राहतील. कलम अकराही वाचलं, ज्यात सर्व हक्क कायमचे, असं लिहिलं आहे. मग तिने सही केली. तिचा अंगठा माझ्या कडेला लागला आणि तिथे प्लास्टरचा पांढरा ठसा उमटला.

घरी आल्यावर तिने मला बाबांच्या हातात दिलं. त्यांनी मला वाचलं नाही. फक्त कागदावरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालं तर मग. त्या बाईंना आणखी एक हिवाळा थांबावं लागेल."

मित्रांनो, माझे सगळ्यांत मानाचे दिवस तेच. मला दिवाणखान्यात, घड्याळाखालच्या फळीवर ठेवलं होतं. शेजारीपाजारी आले की बाबा माझ्याकडे बोट दाखवत. पण महिने गेले. प्रकाशकांकडून सुरुवातीला चिठ्ठ्या यायच्या, मुखपृष्ठाचं बघतो आहोत, कागद महागलाय, छापखान्यात गर्दी आहे. नंतर त्याही थांबल्या. बाबा दर रविवारी विचारायचे, "छापलं का गं?" आधी त्यात थट्टा असायची. "तुझी कवळी आठवड्यात तयार होते. या पुस्तकाला काय अक्कलदाढ फुटायची राहिलीय?" मग नुसताच प्रश्न उरला. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ताईला ते जास्त लागलं.

एका वर्षानंतर बाबांना खुर्चीतून उठता येईना. नाकाला नळी आली. तेव्हा ताई म्हणाली, "बाबा, छापायची वाट नको बघायला. मी बाडच घेऊन जाते त्या जाकीटवाल्या काकूंकडे. तेवढं शेवटचं प्रकरण वाचून दाखवते."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड दिसला. पण ताई नियमाने चालणारी होती. तिने प्रकाशकांना फोन लावला आणि परवानगी विचारली. तिचा फोन टेबलावर माझ्या शेजारीच होता, म्हणून मला पलीकडचं ऐकू आलं.

"मॅडम, कलम सात बघा," प्रकाशक म्हणाले. "मी काही तुमच्यावर खटला भरणार नाही हो. पण पुस्तक मग यादीतून काढावं लागेल. जिच्याविषयी लिहिलंय तिलाच आधी दाखवायचं, उद्या तिने हरकत घेतली म्हणजे? आता अगदी छपाईला निघालंय. दोन महिने थांबा."

ताईने फोन ठेवला आणि मला उघडलं. कलम सात तिने तीन वेळा वाचलं. मला वाटत होतं, हिने मला फाडून टाकावं. करारनाम्याला असं वाटावं हे बरं नाही, पण वाटलं खरं. तिने मला पुन्हा फाईलमध्ये ठेवलं आणि बाबांना जाऊन सांगितलं.

"सही केलीयस ना?" बाबा थांबत थांबत म्हणाले. "मग राहू दे. दोन महिने काय."

ते सत्तावीस दिवसांनी गेले. त्या वर्षीचं जाकीट त्याआधीच्याच आठवड्यात आलं होतं. पुडकं सोडलेलंही नव्हतं.

दोन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. ताईने पत्र लिहून हक्क परत मागितले. प्रकाशकांनी कलम अकरा दाखवलं. पुढे त्यांनी सगळी संस्थाच एका मोठ्या कंपनीला विकून टाकली, आणि कपाटातल्या माझ्या जुळ्या भावासकट ताईचं पुस्तक तिकडे गेलं. नव्या कंपनीकडून एक छापील उत्तर आलं, आपला पत्रव्यवहार आम्हाला मिळाला आहे. ताईने पाच पत्रं लिहिली. पाचही वेळा तेच उत्तर आलं, खाली सहीसुद्धा नव्हती. फळीवरून मी कपाटात गेलो. धूळ बसली, टाचणी गंजली.

शेवटी तिने त्या जुन्या माणसाला, आपल्या आवडत्या ब्लॉगवाल्याला, लिहिलं. माझी पानं फोटो काढून पाठवली. त्याचं उत्तर एका दुपारी प्रयोगशाळेत आलं. मीही त्या दिवशी तिच्या पिशवीत होतो. तिने ते शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं.

'ताई, सुटकेचा मार्ग मला दिसत नाही. आणि आणखी एक सांगायला हवं. कलम चारमधलं ते वाक्य माझं आहे. तेवीस वर्षांपूर्वी मी त्या कचेरीत कारकून होतो. नंतर मुद्रितशोधक झालो. कलम सात आणि अकराही मीच लिहिली. त्याचंच ओझं उतरावं म्हणून हा ब्लॉग लिहितो.'

मी माझ्या जन्मदात्याला इतक्या वर्षांनी असा भेटलो. आनंद झाला म्हणू की काय म्हणू.

ताईने चार दिवसांनी एकच वाक्य पाठवलं. 'हे तुम्ही तुमच्या वाचकांना का नाही सांगितलंत?' त्या माणसाने ते मनावर घेतलं. आठवड्याभरात त्याने ब्लॉगवर सगळं लिहिलं, आपल्या खऱ्या नावानिशी. त्याखाली शेकडो प्रतिक्रिया आल्या. केवढं हे धैर्य, असं लोकांनी लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं, असंही लिहिलं. ताईने त्या सगळ्या वाचून काढल्या. तिचं पुस्तक होतं तिथेच होतं.

मैत्रीण म्हणाली, "निदान त्याने कबूल तरी केलं."

"कोणाकडे?" ताई म्हणाली. "ज्यांचं त्याने काही बिघडवलं नाही, त्यांच्याकडे." मग तिने हातातला साचा खाली ठेवला. "आम्हीही तेच करत होतो. बाबाही आणि मीही. अख्ख्या जगाला पुस्तक द्यायचं, म्हणजे त्यातून ते काकूंना मिळेल. सरळ त्यांचं दार वाजवायचं सोडून."

त्या शनिवारी तिने सुट्टी घेतली. पिशवीत बाड घेतलं आणि मलाही घेतलं. कशाला घेतलं ते मला कळलं नाही. कदाचित विचारलं तर दाखवायला.

काकूंचं घर एका दुकानाच्या वर होतं. शिलाई यंत्र खिडकीशी होतं, त्यावर चादर टाकलेली. काकूंची नजर अधू झाली होती, त्यामुळे शिवण काही वर्षांपूर्वीच बंद पडली होती, जाकिटंही. ताईने आपण कोण ते सांगितलं, बाबा गेल्याचंही सांगितलं. काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तेव्हाच कळवलं नाहीस म्हणून त्या रागावल्या.

"काकू, त्यांनी तुम्हाला एक सांगायचं ठेवलंय," ताई म्हणाली. "लिहिलेलं आहे. मी वाचते."

तिने शेवटचं प्रकरण वाचलं. अठरा पानं होती. खालच्या दुकानाचं शटर एकदा वाजलं, तेवढंच.

वाचून झाल्यावर काकूंनी विचारलं, "म्हणजे सहाव्या दिवशी पाण्यात कोणीच नव्हतं?"

"नव्हतं."

"मी काठावर उभी होते त्या दिवशी. सकाळपासून." काकूंचा आवाज कोरडा होता. "आदल्या दिवशी त्यांची दोरी अडकलेली मी पाहिली होती. नाव वळणापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. वाटलं, माझ्या पोरीपायी या माणसाचं काही बरंवाईट व्हायला नको. दिवसभर मी त्यांच्यासाठीच हात जोडत होते. पोरीसाठी त्या दिवशी मी काही मागितलंच नाही."

ताईने हातातली पानं सारखी केली.

"हे तुझ्या वडिलांनी येऊन सांगायला हवं होतं. मी चिडले असते. दोन शब्द बोलले असते. आता कोणाशी बोलू? तुझ्याशी? तू काय केलंयस?" मग त्यांनी विचारलं, "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"सहा वर्षं."

"मग ते असतानाच का नाही आलीस?"

"मी एका कागदावर सही केली होती, काकू. छापून येईपर्यंत कोणाला वाचून दाखवायचं नाही, असं त्यात होतं."

"आणि आज?"

"आजही तसंच आहे."

काकूंनी आपली अधू नजर तिच्याकडे वळवली. "मग आज कशी आलीस?"

ताईने मला पिशवीतून अर्धवट बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं. काकूंनी हात पुढे केला. "ते सहाव्या दिवसाचं पान ठेवून जा. वाचता येत नाही मला, पण माझं आहे ते." ताईने ते पान बाडातून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकूंनी जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ताई स्वतःच उठली. काकू दारापर्यंत आल्या नाहीत. त्यानंतर ताईने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी माझं सातवं कलम मोडलं. मी वाट पाहिली. नोटीस येईल, फोन येईल, कोणीतरी विचारायला येईल. आठवडा गेला, वर्ष गेलं. कोणीही आलं नाही. नव्या कंपनीत ते कलम वाचलेला एकही माणूस नसावा. जुन्या प्रकाशकांनाही ते आठवत नसेल. ताई बाबांसमोर बसून ज्या कलमाला भीत होती, त्याची राखण खरं तर ती एकटीच करत होती.

हे तिलाही कळलं आहे. कधीतरी ती कपाट उघडते, मला बाहेर काढते, सातवं कलम वाचते आणि परत ठेवते. मला फाडत नाही. बाबांनी ज्या कागदावरून हात फिरवला होता, तो तिच्याकडे एवढाच आहे.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणी पुस्तक लिहील, आणि माझ्यासारखा कोणीतरी तुमच्यासमोर टेबलावर येईल. त्याला नीट वाचा. तारीख मागा. तारीख नाही मिळाली तर उठून या, जमलं तर. नाही जमलं आणि सही केलीत, तरी एक लक्षात ठेवा. पुस्तकाचं काय करायचं ते करारनामा ठरवू शकतो. पण एखाद्याला सांगायचंच असेल असं काही तुमच्याकडे असेल, तर ते पुस्तकात घालून वाट बघू नका. सांगणारा खुर्चीत बसलेला आहे आणि ऐकणारी खिडकीशी यंत्र चालवते आहे, तोवर जा. आमच्या परवानगीसाठी थांबू नका. आम्ही कागद आहोत. आम्हाला कोणतीच वेळ योग्य वाटत नाही.